मदत हवी आहे: सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गर्दीत थरथरतो, पॅक बदलू की मॅन्युअल घेऊ?

चांदणीचौक
गाडी गर्दीत हळू चालवताना थरथरते. सर्व्हिस सेंटर म्हणतं क्लच-पॅक (दोन्ही क्लचचा संच) बदला. शनिवारी गाडी टाकायची आहे, त्याआधी ठरवायचंय. दुसरा पर्याय म्हणजे ही विकून त्याच इंजिनाची मॅन्युअल घेणं. 'सर्व्हिस सेंटरला विचारा' असं कृपया लिहू नका, तिथूनच आलोय.

रेवती७७
गाडी कोणती? किती किलोमीटर झाली? क्लच कोरडा की ओला? थरथर निघताना येते की एकावरून दोन पडताना? गार इंजिनावर की अर्धा तास गर्दीत गेल्यावर? एवढं कळल्याशिवाय सांगणं अशक्य आहे.

तिसरा_पेडल
विका आणि मॅन्युअल घ्या. एक प्लेट, एक प्रेशर प्लेट, एक बेअरिंग. कुठलाही जाणता मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवून बदलतो. पोर्शने २०१३ची जीटी३ फक्त पीडीकेत (पोर्शचा डीसीटी) आणली आणि २०१७मध्ये मॅन्युअल परत द्यावा लागला. लोकांना तिसरा पेडल हवाच असतो.

आरपीएम७०००
अर्धीच गोष्ट सांगताय. ९९२ पिढीच्या जीटी३ला शून्य ते शंभरसाठी पीडीकेवर ३.४ सेकंद लागतात, मॅन्युअलवर ३.९. पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, एक क्लच सुटतो तेव्हाच दुसरा पकडतो, ताकद तुटत नाही. मॅन्युअलचा मोबदला हातापायाला मिळतो, घड्याळात नाही. ते मोलाचं आहेच, पण प्रश्न गर्दीतल्या थरथरीचा आहे.

चांदणीचौक
कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. दीड लिटर टर्बो, २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर), कोरडा क्लच, ५८ हजार किमी. सकाळी एकदम मऊ. हिंजवडीच्या रांगेत वीस मिनिटं गेली की निघताना थरथर.

घाटवळण
आधी गिअरबॉक्सचं ऑइल बदला. साठ हजाराला बदलायचंच असतं.

रेवती७७
@घाटवळण, तो साठ हजारांचा नियम ओल्या क्लचचा. तिथे क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, ऑइलच उष्णता वाहून नेतं. कोरड्यात गिअरचं ऑइल जेमतेम पावणेदोन लिटर, आणि ते क्लचला लागतसुद्धा नाही. लागलं तर तोच बिघाड. ऑइल बदलून ही थरथर जाणार नाही.

@चांदणीचौक, या रचनेत पहिला क्लच १-३-५-७ सांभाळतो, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्स. गाडी तापवा, हलक्या चढावर ब्रेक सावकाश सोडत तीनदा पुढे आणि तीनदा मागे घ्या. फक्त पुढे थरथरली तर पहिला क्लच. दोन्हीकडे थरथरली तर ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारं चाक) आणि इंजिन माउंटही तपासा.

तिसरा_पेडल
सिग्नलला एनमध्ये (न्यूट्रल) टाकायची सवय लावा, क्लच वाचतो.

आरपीएम७०००
ब्रेक घट्ट दाबला की क्लच सुटलेलाच असतो, एनने काही वाचत नाही. क्लच मरतो तो अर्धवट ब्रेकवर इंच-इंच सरकताना आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवताना. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा जोड) नाही, त्यामुळे सरकणं म्हणजे प्लेट घासणं. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग निघा, ब्रेक पूर्ण सोडा. रांगेत मॅन्युअल मोडवर पहिला गिअर धरून ठेवा, एक-दोन-एकची धडपड थांबते.

घाटवळण
बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांनीही ड्युअल-क्लच सोडला ना? एम२मध्ये आता सहा गिअरचा मॅन्युअल किंवा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. कन्व्हर्टरवालीच बघा की.

चांदणीचौक
बजेट तेवढं नाही हो! चाचणी केली. मागे एकदम गुळगुळीत, पुढे तिन्ही वेळा थरथर. जळका वासही आला. सर्व्हिस सेंटर आता म्हणतं की आधी बेसिक सेटिंग (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला क्लचची पकड नव्याने शिकवणं) करून बघू. आणि हो, रीमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणं) आहे, स्टेज-१ म्हणजे पहिली पायरी. दोन वर्षं झाली, त्याचा संबंध नसावा.

रेवती७७
रीमॅप पहिल्याच ओळीत यायला हवा होता! आता टॉर्कचा आकडा किती?

चांदणीचौक
३१०.

रेवती७७
मग कारण समोर आहे. हा बॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला, इंजिन मुळातच त्या मर्यादेवर. वर ६० घातले. जोरात निघताना प्लेट घसरते, तापते, फेसिंगला (प्लेटचा घासणारा थर) काचेसारखी चकाकी येते. चकाकलेली प्लेट गरम झाली की एकसारखी पकडत नाही, पकडते-सोडते. तीच थरथर.

बेसिक सेटिंग करून घ्या, पण फार आशा ठेवू नका. ऑइलचं तापमान ३० ते १०० अंशांत, गिअर पीवर, ब्रेक दाबलेला, ॲक्सिलरेटरला पाय नाही. नंतर सगळे गिअर लागतील अशी सावकाश फेरी. पकड-बिंदू नव्याने शिकला जातो, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं. जळकं फेसिंग त्याने दुरुस्त होत नाही.

पॅक बदलताना समोर उभे राहा. जुन्या पॅकवर निळसर डाग दिसतात का बघा. बेलहाउसिंगमध्ये (क्लचभोवतीचं कवच) बोट फिरवा, ऑइल लागलं तर क्रँकचं मागचं सील किंवा इनपुट शाफ्टचं सील आधी बदलायचं, नाहीतर नवा पॅकही जाईल. एंगेजमेंट बेअरिंगची (क्लच दाबणारं बेअरिंग) फट मोजूनच शिम (पातळ चकत्या) बसवायला सांगा. जुने शिम परत टाकले तर क्लच एक तर ओढत राहतो किंवा घसरतो.

तिसरा_पेडल
म्हणजे मॅन्युअल घेतली असती तर हे झालंच नसतं.

आरपीएम७०००
३१०वर मॅन्युअलचा मूळ क्लचही घसरेल, चौथ्या-पाचव्यात आरपीएम चढतील आणि वेग चढणार नाही. ताकद वाढवायची तर क्लचही तसा हवा. गोल्फ जीटीआयच्या ३७० न्यूटन-मीटरला म्हणूनच ओला क्लच दिलाय.

चांदणीचौक
मग रीमॅप काढू? आणि वॉरंटी?

रेवती७७
पॅक बदलायच्या आधी मूळ मॅपवर आणा. ठेवायचाच असेल तर ट्यूनरकडून पहिल्या तीन गिअरमधला टॉर्क २५०वर बांधून घ्या. वॉरंटीत ते अडवू शकतात, पण लपवू नका. शनिवारी टाका, फक्त शिमची मापं जॉबकार्डवर लिहून घ्या.

घाटवळण
स्टेज-१ला किती खर्च आला होता? माझ्या एक लिटरवर करायचा विचार आहे.