जुन्या बंदरातलं जुनं घर : तुमचे अनुभव सांगा

मागच्या जूनमध्ये आम्ही तीन कुटुंबांनी मिळून फ्रान्समधल्या नीसच्या शेजारच्या व्हिलफ्रांश-सूर-मेर या बंदरात आठवडाभर एक जुना बंगला भाड्याने घेतला होता. परत आल्यापासून निदान चार जणींनी विचारलं, "कसं असतं गं? म्हातारी माणसं नेता येतात का?" प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. तुम्हीही लिहा. भूमध्य समुद्रावरचं कुठलंही कोळ्यांचं गाव चालेल. हॉटेल मात्र नको, जुनं घरच हवं.

माझ्यापासून सुरुवात. घर शंभर वर्षांवरचं. उंच छत, पायाखाली षटकोनी लाल फरशा, गच्चीतून सगळी खाडी दिसायची. जाहिरातीत लिहिलं होतं, "बंदरापासून पाच मिनिटं". खोटं नव्हतं, उतरताना पाचच लागायची. चढताना भाच्याने पायऱ्या मोजल्या, १४६. सासूबाईंचं वय ७४, त्यात गुडघे. पहिल्या संध्याकाळी त्या तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी उद्या येते." तिसऱ्या दिवशी कळलं की बागेच्या मागच्या फाटकातून वरच्या रस्त्यावर जाता येतं आणि तिथपर्यंत टॅक्सी येते! मालकाला वाटलं होतं आम्हाला ठाऊक असेल.

पण त्या घरात सगळ्यात लवकर रुळल्या त्याच. आम्ही पहिल्या दिवशी समुद्र दिसावा म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकल्या आणि दुपारी घराची भट्टी झाली. सासूबाईंचं बालपण नाशिकच्या वाड्यात गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला त्यांनी लाकडी झडपा एकेक करून ओढून घेतल्या, फक्त फळ्यांच्या फटी तिरक्या ठेवल्या, आणि संध्याकाळी सहाला उघडल्या. एसी नव्हता, त्याची आठवणही झाली नाही.

आता पैशांचं. तिकडे भाडं बहुतेक शनिवार ते शनिवार असतं. चादरी-टॉवेल बऱ्याचदा भाड्यात धरलेले नसतात, वेगळे मागवावे लागतात किंवा घरून न्यावे लागतात. निघतानाची साफसफाई वेगळी, पालिकेचा पर्यटन कर माणशी, रोजचा वेगळा. आणि चावी देताना घरातल्या वस्तूंची यादी हातात ठेवतात. आमची दोन पानी होती, काचेचे पेले १२, माशाच्या सुऱ्या ८, असं सगळं. दिरांनी हसत हसत न बघताच सही ठोकली. निघताना संगमरवरी टेबलाचा उडालेला कोपरा आमच्या नावावर लागला आणि अनामतीतून ८० युरो कापले. तो कोपरा आमच्या आधीच उडालेला होता, पण फोटो कुठे काढला होता?

गावात खाली कोळ्यांचं चॅपेल आहे. पूर्वी तिथे जाळी ठेवायचे, मग १९५७ मध्ये जाँ कोक्तो या फ्रेंच कवी-चित्रकाराने ते आतून रंगवलं. जरूर बघा. आणि नीसला सोका खा. हरभऱ्याच्या पिठाचं भट्टीतलं जाड धिरडंच ते, फक्त हळद-मिरची नाही. सासूबाईंचं मत: "कच्चट आहे."

मुक्काम पोस्ट म्युनिक

आम्ही दोघं प्रोचिदाला होतो, नेपल्सच्या खाडीतलं इवलंसं बेट. २०२२ मध्ये इटलीची सांस्कृतिक राजधानी होतं म्हणून नाव ऐकलं होतं. कोरिचेल्ला या कोळीवाड्यात घर घेतलं. कमानीच्या छताचं, बाहेरून जिना, भिंती पिवळ्या. तिथे गाडी येतच नाही, बॅगा खांद्यावर.

पहिल्या संध्याकाळी बायकोने ओव्हन लावला, मी कपडे धुवायला टाकले आणि चहाची विजेची किटली सुरू केली. फट्! अख्खं घर काळोखात. इटलीत घरगुती वीजजोडणी बहुतेक ३ किलोवॉटची असते हे तेव्हा समजलं. मीटर खाली जिन्याच्या दाराशी, खटका वर करायला मोबाइलच्या उजेडात ३० पायऱ्या उतरायच्या. आठवड्यात चार वेळा उतरलो. शेवटी बायकोने फळीवर चिठ्ठी चिकटवली: "चहा किंवा मशीन. एकच."

पासपोर्टचे फोटो मागितले तर दचकू नका. पाहुण्यांची माहिती २४ तासांत पोलिसांना कळवणं तिथे घरमालकावर बंधनकारक आहे. आणि २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराच्या जाहिरातीत राष्ट्रीय नोंदणी क्रमांक लागतो. तो दिसला नाही तर सरळ विचारा.

"कोळीवाड्यातली शांतता" वगैरे विसरा. पहाटे चारला होड्यांची इंजिनं सुरू होतात, कमानीच्या छतात आवाज घुमतो. मला त्रास झाला, बायकोला नाही, ती वर्सोव्याची आहे. तिथलं लिंबाचं सॅलड मात्र आठवतं. साल काढून जाड पांढऱ्या गरासकट फोडी, वर मीठ, पुदिना, तिखट मिरची. आपल्या ताज्या लोणच्याचा भाऊच.

खडूस मामा

म्हणजे सुट्टीसाठी एवढे पैसे मोजायचे आणि भांडीही आपणच घासायची?

बंदरावरची

मामा, हो. आणि कचऱ्याचं वर्गीकरणही. :)

आम्ही ग्रीसमध्ये हायड्राला गेलो होतो. बेटावर मोटारीच नाहीत, सामान खेचरावरून. धक्क्यावर खेचरवाला उभा होता, त्याने आमच्या चार बॅगा पाहिल्या, खेचराकडे पाहिलं आणि दुसरं खेचर बोलावलं. दोघांचे पैसे आमच्याकडूनच.

घर जुन्या जहाजमालकाचं. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांची नाकेबंदी चुकवून धान्य नेणाऱ्या हायड्राच्या कप्तानांनी अफाट पैसा केला आणि हे दगडी वाडे उठवले. बाहेरून किल्ल्यासारखं करडं, आत गोट्यांची नक्षी घातलेलं अंगण. अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी. लेकीने झाकणाच्या भोकातून खडा टाकला तर बऱ्याच वेळाने 'डुबुक' ऐकू आलं. मग रोज खडे टाकायचा कार्यक्रम. मालकीणबाईंनी पाहिलं आणि फक्त मान हलवली.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण नळ्या अरुंद. पाण्याची सवय असलेल्या आपल्याला हे सोपं जातं, मगची सोय तेवढी बघा. दुसरं म्हणजे, वारा चढला की बोटी बंद. आमची परतीची बोट रद्द झाली आणि अथेन्सचं विमान चुकलं. शेवटची रात्र बेटावर ठेवू नका, पिरेयसला (अथेन्सचं बंदर) किंवा अथेन्सला काढा.

कांदेपोहे

रोव्हिन्य, क्रोएशिया. पूर्वी हे गाव बेट होतं, १७६३ मध्ये मधली खाडी बुजवून जमिनीला जोडलं. बेटावर जागा कमी, त्यामुळे घरं उंच आणि चिंचोळी. आमचं घर चार मजली, प्रत्येक मजल्यावर एक खोली. चष्मा वर राहिला की राहिला. गल्ल्यांतले दगड झिजून आरशासारखे झालेत, पावसात चपला घालून निघालात तर आपटणार. मी आपटलो. बाकी उत्तम.

नारळीपौर्णिमा

आम्ही माल्टात मार्साश्लोकला जानेवारीत गेलो, कारण भाडं निम्मं होतं. ते का निम्मं हे दार उघडल्यावर कळलं. पिवळ्या चुनखडीच्या दगडाचं सुंदर घर, आणि आत बाहेरपेक्षा थंडी! दगड ओल धरून ठेवतो. अंथरूण ओलसर, मीठ डबीत घट्ट. एकच गॅसचा हीटर, तो घेऊन आम्ही चौघं या खोलीतून त्या खोलीत. चार दिवसांत चार पुस्तकं वाचून झाली, तीही स्वेटर घालून.

पण रविवारच्या मासळीबाजाराने सगळं वसूल केलं. बंदरात लुत्सू होड्या, निळ्या-पिवळ्या-लाल-हिरव्या रंगांच्या, नाळेवर दोन्हीकडे कोरलेले डोळे. नारळी पौर्णिमेला सजलेल्या होड्या बघत वाढलेल्या माझ्या बाबांनी त्या डोळ्यांवरून हात फिरवला. कोळी हसला, काही बोलला नाही. बाबांनी ऑक्टोपस घेतला नाही, बांगड्यासारखा दिसणारा एक मासा घेतला, आणि घरून नेलेल्या आगळात त्याचं सार केलं. ब्रिटनहून येणाऱ्यांना अडॅप्टर लागत नाही, कारण प्लग ब्रिटिश तीनपिनी आहेत. मुंबईतले प्लग मात्र बसत नाहीत हे लक्षात ठेवा, आमचा मिक्सर तसाच परत आला.

नवा सभासद

व्हिसासाठी घराचा करार चालतो का? आम्ही आठ जण आहोत, करार माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

धागाकर्ती

आमच्या वेळी अगदी हाच घोळ झाला. करारावर फक्त दिरांचं नाव, त्यामुळे उरलेल्या आठांच्या राहण्याचा पुरावा अपुरा ठरला आणि कागद परत आले. मालकाला विनंती केली, त्याने नऊ जणांची नावं, पासपोर्ट क्रमांक, घराचा पत्ता, तारखा लिहून सही केलेलं एक पानी पत्र पाठवलं. ते जोडलं आणि काम झालं. पैसे भरायच्या आधीच हे पत्र देणार का ते विचारून घ्या, नंतर मालक फोन उचलत नाहीत.

आणि त्याच फोनवर मागचं फाटक आहे का, तेही विचारा.