गंजून जाम झालेला बोल्ट कसा सोडवलात? अनुभव सांगा

रत्नागिरीत आमचं घर समुद्राला लागून आहे. खारं वारं गाडीचं लोखंड खातं. परवा सायलेन्सर उतरवताना पाना लावून जोर दिला आणि स्टड (बिनडोक्याचा, दोन्हीकडे आटे असलेला बोल्ट) हेडमध्येच, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातच तुटला. नवा हेड परवडणारा नाही. तुमच्या गाडीवर जे केलंत ते बारकाव्यांसह लिहा.

कोल्हापूर, गॅरेजवाला
गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नट आतून आवळला जातो. आधी वायर ब्रशनं बाहेरचे आटे स्वच्छ करा, गंज सोडवायचं तेल मारा आणि रात्रभर सोडा. सकाळी डोक्यावर हातोडीनं हलके ठोके द्या, हादऱ्यानं तेल आत उतरतं. गोटी (नटावर बसणारा सॉकेट पाना) सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची नटाचे कोपरे गोल करते. मग आधी आवळायच्या दिशेनं जरासा दाब द्या. 'टक्' झालं की गंज फुटला. पाव फेरा सोडा, थोडं परत आवळा, तेल टाका, पुन्हा पाव फेरा. एका दमात काढू नका. एवढं करूनही हलला नाही तर गॅस. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. नट फुगला की पकड सुटते. पण तेल मारलंय तिथं ज्योत लावण्याआधी ते नीट पुसून घ्या. पेट्रोलची नळी किंवा रबर बुश जवळ असेल तर गॅस लावूच नका.

नागपूर
वडिलांची जुनी विलीज जीप. डाव्या चाकाच्या नटाला पाइप लावून तासभर ओढलं, घाम निघाला. शेजारचे काका म्हणाले, "अरे, उलटे आटे आहेत, तू आवळतोयस." डाव्या बाजूचे नट उजवीकडे फिरवून सुटतात. स्टडच्या टोकावर 'एल' असतो, मळ खरवडून बघा.

नाशिक
माझ्या बाइकच्या ब्रेक ऑइलच्या डबीचे स्क्रू. साधा फुलीचा पेचकस घसरून खाच झिजली. ते जपानी मापाचे होते. योग्य टोकाचा पेचकस घेतला, मागून हातोडीचा एक ठोका दिला आणि सुटले. ब्रेक ऑइल रंग खातं, टाकीवर ओलं फडकं ठेवाच.

वसई, वेल्डर
रत्नागिरीकर, ड्रिल मारून उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट ओढून काढायचं हत्यार) घालू नका. तो फार कडक असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही. तुटक्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्ड भरा. वेल्डची उष्णताच स्टड सैल करते. स्टड बाहेर थोडा तरी शिल्लक आहे ना?

रत्नागिरी, पुन्हा मी
चार मिलिमीटर शिल्लक होता. इथल्या वेल्डरकडे नेला. पहिले दोन नट तुटून आले. तिसऱ्याला गार होईपर्यंत हात लावला नाही, मग पान्यानं कणाकणानं हलवला. स्टड बाहेर आला तेव्हा आट्यांत लाल पूड भरली होती. हेडचे आटे शाबूत आहेत. नवे स्टड कॉपर ग्रीस लावून हातानं बसवले, शेवटपर्यंत पान्याशिवाय फिरले.