मदत हवी आहे: फेरफारात 'मुदत खरेदी' लिहिलंय, म्हणजे जमीन विकली की गहाण?

विहिरीकाठ: आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर समोरच्याचं, म्हणजे वडिलांनी ज्याच्याशी व्यवहार केला त्याचं नाव आहे. फेरफार (नाव बदलल्याची नोंद) काढला तर त्यात 'मुदत खरेदीने' एवढंच लिहिलंय. काका म्हणतात विकली, विषय संपला. आई म्हणते वडील नेहमी 'गहाण टाकलीय' असंच म्हणायचे. नेमका अर्थ काय? समोरचे आता प्लॉट पाडायच्या गोष्टी करतायत. जरा लवकर सांगा.

काळाकोट: खत, म्हणजे व्यवहाराचा मूळ कागद, कोणत्या सालचं? मुदत किती? कब्जा कोणाकडे?

विहिरीकाठ: आमच्या जमिनीचंच विचारतोय. शब्दाचा अर्थ सांगा ना, साल कशाला लागतं?

काळाकोट: साल लागतं, कारण उत्तर त्यावरच आहे.

बांधावरचा: मुदत गेली की जमीन गेली. आमच्या भावकीत हेच झालं. पाच वर्षांत पैसे नाही फिरवले, खरेदी कायम झाली. कोर्टात जाऊन चपला झिजतील, बाकी काही नाही.

जुनेकागद: शब्द मजेशीर आहे. जुन्या मुंबई इलाख्यात यालाच 'गहाण लहाण' म्हणत. फारसी वळणाच्या कागदांत 'बय-बिल-वफा'. वफा म्हणजे शब्द पाळणं. पैसे घेऊन जमीन परत देण्याचा शब्द. वफा किती जण पाळत ते सोडा.

काळाकोट: @बांधावरचा, तुमच्या भावकीत काय झालं ते तुमच्या भावकीचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५८(क). वरून खरेदी दिसते, पण अट असते की ठरल्या तारखेपर्यंत पैसे दिले तर जमीन परत, नाही दिले तर खरेदी कायम. कायदा याला गहाणच धरतो. आणि गहाण असेल तर नुसती तारीख टळली म्हणून जमीन जात नाही. घेणाऱ्याला कोर्टाकडून तसा हुकूमनामा घ्यावा लागतो. तोवर कलम ६० खाली पैसे भरून सोडवायचा हक्क शाबूत. एकदा गहाण ते कायम गहाण.

मेख पुढे आहे. १९२९ च्या दुरुस्तीने असं ठरलं की परतीची अट त्याच खतात हवी. खरेदीखत एक आणि 'परत देऊ' असा करार वेगळ्या कागदावर, तर ते गहाण नाहीच. म्हणून विचारतोय, खत पाहिलंय का?

विहिरीकाठ: नाही पाहिलं. फेरफारच आहे.

काळाकोट: मग एवढा वेळ आपण हवेत गप्पा मारतोय. दुय्यम निबंधकांकडून (दस्त नोंदणी कार्यालयातून) इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, आणि खताची नक्कल काढा.

पाटीलबुवा: नक्कल बिक्कल राहू द्या, सावकारी कायदा २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज टाका. अवैध सावकारीत दिलेली जमीन परत मिळते. मी स्वतः दोघांना अर्ज लिहून दिलेत.

काळाकोट: समोरचा सावकारी करत होता असं धागाकर्ता कुठे म्हणालाय?

पाटीलबुवा: अहो करतच असणार!

विहिरीकाठ: (चार दिवसांनी) नक्कल मिळाली. एकच खत आहे, १९९३ चं, साठ गुंठे, बावीस हजार. हुबेहूब उतरवतो: 'सदर रक्कम आम्ही आजपासून पाच वर्षांचे आत परत केल्यास तुम्ही मिळकत आमचे नावे फिरवून द्यावी. न केल्यास हेच खत कायम खरेदीखत समजावे.' आई सांगते १९९९ पर्यंत आम्हीच पेरत होतो. शेजारचं वावर खताच्याच वर्षी, १९९३ ला, याच्या जवळजवळ तिप्पट भावाने गेलं होतं.

काळाकोट: हे आधी सांगायचं! अट त्याच खतात, मुदतभर कब्जा तुमचा, किंमत भावापेक्षा खूपच कमी. तिन्ही गोष्टी गहाणाकडे झुकतात. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्येच म्हटलंय की अट एकाच खतात असेल तर सहसा गहाण धरावं. पण 'सहसा'. हेतू उलटा आहे हे खताच्या भाषेतून निघालं तर कोर्ट खरेदीही म्हणू शकतं.

बांधावरचा: आणि सातबाऱ्यावर नाव त्यांचं आहे त्याचं काय?

काळाकोट: फेरफाराने मालकी ठरत नाही. नोंद खरी असल्याचं गृहीतक आहे, ते पुराव्याने खोडता येतं.

सहजवाचक: घाई कशाला? गहाण सोडवायला मुदतच नसते असा २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

काळाकोट: तो ताबे गहाणाचा, जिथे घेणारा कब्जा घेऊन उत्पन्नातून फेड करून घेतो. इथे लावू नका, माणूस बुडेल. इथे मुदत आहे. आणि 'मुदत' म्हणताना घोळ होतो, म्हणून फोड करतो. खतातली मुदत पाच वर्षं, ती १९९८ ला संपली. मुदतीच्या कायद्यातली, म्हणजे दावा लावायची, मुदत तीस वर्षं, ती १९९८ पासून मोजायची. म्हणजे २०२८. उलट कोर्टाने ही साधी खरेदी ठरवली, तर परत घेण्याचा करार पाळून घ्यायला तीनच वर्षं होती. ती कधीच गेली.

विहिरीकाठ: म्हणजे वेळ आहे?

काळाकोट: आहे, पण ऐन शेवटच्या महिन्यात नको. खतावरचा महिना बघून तारीख पक्की काढा. दिवाणी वकील गाठा, 'गहाण सोडवण्याचा दावा' हेच शब्द वापरा. प्लॉट पडू नयेत म्हणून मनाईचा अर्जही सोबत. आणि काकांचं नाव खतावर 'लिहून देणार' (जमीन देणारा) म्हणून आहे का, ते बघा.

विहिरीकाठ: आहे. वडिलांच्या खाली त्यांची सही आहे.

काळाकोट: मग दाव्यात त्यांनाही घ्यावं लागेल. आधी त्यांच्याशी बोला.

विहिरीकाठ: तेच अवघड आहे. बघतो.

नवासभासद: डिजिटल सही असलेला सातबारा मोबाईलवर निघतो, कोणाला हवं असेल तर सांगतो.