शनिवारची मॅच सोडणारा फॅन खोटा? मग माझंही ऐका

शनिवार तेली :
'केशरी टोपी' यांनी काल लिहिलं की त्यांच्या ऑफिसातला एक ज्यू सहकारी मेट्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाच्या मागे शिकागोला गेला, शुक्रवारची आणि रविवारची मॅच बघितली, आणि शनिवारी मैदानापासून वीस मिनिटांवर खोलीत बसून राहिला. वर शेरा : "एवढे पैसे घालून मॅच बुडवायची तर घरीच बसावं. हा फॅन नव्हे, पर्यटक."

तो सहकारी मी नव्हे, पण करतो मी हेच. आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पणजोबांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. घाणा गेला, शनिवार राहिला.

आता या पर्यटकाची तयारी ऐका. वेळापत्रक आलं की मी आधी शिकागोची तारीख शोधतो. तिथल्या कब्स संघाच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, १९८८पर्यंत दिवेच नव्हते, आणि अजूनही तिथे शुक्रवारची मॅच बहुतेक वेळा दुपारी १:२० ला असते. इतर शहरांत शुक्रवारी सातला सुरू होते, म्हणजे मॅच रंगात येते तेव्हा शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा आमचा विसावा) लागतो. शिकागोत जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो. घरून नेलेली चपाती-बटाट्याची भाजी खात मॅच बघायची, खोलीवर येऊन अंघोळ, मेणबत्त्या. मग फोन नाही, लिफ्ट नाही, पैसे नाहीत, गाडी नाही. शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत.

हॉटेलात दुसरा मजला मागून घेतो. एका शहरात मागूनही सातवा दिला. जिन्याने उतरायला गेलो, मागचं दार लागलं आणि जिन्याच्या बाजूने ते उघडेचना. सफाईवाली बाई येईपर्यंत पाऊण तास पायरीवर. शब्बाथला बाहेर काही न्यायचं नाही, म्हणून खिशात काही नाही, रुमालसुद्धा मनगटाला बांधलेला.

आणि तो शनिवार. मॅच दुपारची. सकाळी लेकव्ह्यूतल्या अन्शे शोलोम बने इस्राएल सिनेगॉगात गेलो (नाव वाचूनच तिथे जायचं ठरवलं होतं), मग जेवण, डुलकी. पाचला चालत मैदानाजवळच्या ॲडिसन रस्त्याकडे. निकाल कोणाला विचारायचा नाही, गर्दीचे चेहरेही बघायचे नाहीत, म्हणून मान खाली. फक्त स्कोअरबोर्डावरचा झेंडा बघायचा. कब्स जिंकले की पांढरा, त्यावर निळा डब्ल्यू. हरले की निळा, त्यावर पांढरा एल. मान वर केली तर छपराआडून कापडाचं एक टोक तेवढं दिसत होतं. पांढरं. तसाच मागे वळलो.

टीव्हीसमोर पाय पसरून स्कोअर बघणाऱ्याने मला पर्यटक म्हणावं?

केशरी टोपी :
मी धर्माबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो, पण असो. डायमंडबॅक्स संघाने २०२१ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेला जेकब स्टाइनमेट्झ तुमच्यासारखाच कोशर (धर्माला चालतं तेच) खाणारा, शब्बाथवाला. तो शनिवारी चक्क पिचिंग करतो, फक्त मैदानापर्यंत गाडीने न जाता चालत जातो. तुम्ही झेंड्यापर्यंत चालत गेलातच ना? आणखी शंभर पावलं टाकली असती तर काय बिघडलं असतं?

शनिवार तेली :
तिकीट आता फोनमध्ये असतं, साहेब. पण खरं सांगतो, कागदी असतं तरी गेलो नसतो. त्याच २०२१ मध्ये नॅशनल्स संघाने विसाव्या फेरीत एलाय क्लिगमनला निवडलं. तो शनिवारी खेळत नसे. एकच वर्ष, दोन मुलं, दोन उत्तरं. मी क्लिगमनच्या बाकावर.

दुसरी स्लिप :
बेसबॉल मला कळत नाही, कळून घ्यायचाही नाही. पण आपले ज्यूडा रूबेन १० कसोटी सामन्यांत पंच होते. पाच दिवसांच्या कसोटीत शनिवार कुठे चुकतो? ते काय कमी ज्यू?

शनिवार तेली :
कमी कोण म्हणालं? आमच्या घरात त्यांचं नाव मानानेच घेतात. प्रश्न मी कमी फॅन आहे का, हा आहे.

एडिसनची मावशी :
तेलीभाऊ, तुम्ही माझं जुनं दुखणं वर काढलंत. इथे अमेरिकेत आमच्या मंडळात गणपती चतुर्थीला येतच नाहीत. येतात पुढच्या शनिवारी, कारण शाळेचा हॉल शनिवारी मिळतो. मागच्या खेपेला बाप्पा दहाला बसले आणि चारला प्लास्टिकच्या टबात उठले, कारण पाचला तिथे कोणाचा तरी झुंबा होता. हे लोक शनिवारासाठी मॅच सोडतात, आपण शनिवारासाठी तिथी सोडतो!

ढोलताशा :
मावशी, हॉलची अनामत कोण भरतं, ठाऊक आहे? एका वर्षी तुमच्याच आग्रहाने मंगळवारी, ऐन चतुर्थीला ठेवला. अकरा जण आले, त्यातले चार गुरुजींच्या घरचे. सहाशे मोदकांचं काय केलं ते विचारू नका.

एडिसनची मावशी :
विचारते ना. फ्रोझन होते. मधोमध बर्फ.

ढोलताशा :
टिळकांनी १८९३ मध्ये उत्सव सार्वजनिक केला तो लोक जमावेत म्हणूनच. जमतील त्या दिवशी करायचा.

एडिसनची मावशी :
टिळकांनी तिथी नव्हती हलवली! आणि मोदकही उकडलेले असायचे.

दुसरी स्लिप :
एकादशीला दुप्पट खाणाऱ्यांनी तिथीवर बोलू नये.

एडिसनची मावशी :
तुम्ही स्लिपमध्येच उभे राहा.

केशरी टोपी :
अहो, धागा मॅचचा आहे! आता कोणीतरी डॉजर्स संघाचा तो नामवंत ज्यू पिचर कूफॅक्स काढणार, म्हणून आधीच सांगतो, तो काही रोज सोवळ्यात नव्हता.

शनिवार तेली :
नव्हताच, म्हणून तर! ६ ऑक्टोबर १९६५, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेची पहिली मॅच, आणि त्याच दिवशी योम किप्पूर, आमचा सर्वांत पवित्र उपवासाचा दिवस. कूफॅक्स उतरला नाही. त्याच्या जागी दुसरा पिचर ड्रायस्डेल, डॉजर्स ८-२ हरले. त्याला कोणी पर्यटक म्हटलं?

केशरी टोपी :
त्याने सातवी मॅच दोन दिवसांच्या विश्रांतीवर २-० अशी काढून दिली. तुम्ही रविवारी काय केलंत?

शनिवार तेली :
घसा बसेपर्यंत ओरडलो. जिंकलो.

केशरी टोपी :
बरं, 'पर्यटक' मागे घेतो. जिन्यातल्या त्या पाऊण तासासाठी, तुमच्या युक्तिवादासाठी नव्हे. तीनपैकी दोन मॅच म्हणजे ६६ टक्के. फर्स्ट क्लास देतो, डिस्टिंक्शन नाही.

शनिवार तेली :
बेसबॉलमध्ये तीनपैकी दोन मिळाल्या की सीरिज जिंकली म्हणतात. मेट्सचा फॅन असून एवढंही माहीत नाही?

ढोलताशा :
मावशी, एवढी हौस असेल तर यंदाची चतुर्थी तुम्हीच बघा. हॉल, गुरुजी, मोदक, सगळं. बैठक याच शुक्रवारी संध्याकाळी सातला. तेलीसाहेब, तुम्हीही या, मावशींच्या बाजूने एक तरी मत पडेल.

शनिवार तेली :
शुक्रवारी? सातला?