मदत हवी आहे: दारफुरचे व्हिडिओ पुरावा म्हणून कसे जपायचे?

मंडळी, कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर सुदानचा एक विद्यार्थी राहतो. दारफुरमधल्या (सुदानचा पश्चिमेकडचा संघर्षग्रस्त भाग) नातेवाइकांनी पाठवलेले जळालेल्या वस्तीचे व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये आहेत. सुदान रोम कराराचा, म्हणजे ज्या करारानं हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं त्याचा, सदस्य नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००५ मध्येच दारफुरचं प्रकरण या न्यायालयाकडे सोपवलंय, त्यामुळे तिथल्या अभियोक्त्यांकडे माहिती ऑनलाइन देता येते.

अडचण वेगळीच आहे. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेत, म्हणजे दर्जाही उतरला आणि फाइलमधली जागा-वेळेची नोंदही गेली. मूळ फाइल्स डॉक्युमेंट म्हणून मागवायला सांगितलंय. आहेत त्यांचे हॅश (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) काढून ठेवलेत. फेसबुकवर काही टाकू नको असंही बजावलंय; चेहरे दिसतात, आणि ती माणसं अजून तिथंच आहेत.

पुण्यात सायबर फॉरेन्सिकचं काम करणारं कुणी आहे का, जे फोनची नीट प्रत काढून तशी लेखी नोंद देईल? बर्कले प्रोटोकॉल (ऑनलाइन मिळालेले डिजिटल पुरावे तपासात कसे वापरायचे याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) प्रत्यक्ष वापरलेला वकील भेटला तर सोन्याहून पिवळं. आपल्याकडच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्र हेगला उपयोगी पडतं का? शिवाय सुदानी अरबी समजणारं माणूस हवंय. फुकट नको, पण विद्यार्थ्याचा खिसा बघून सांगा. उत्तर मेसेजमध्येच द्या, इथे नावं नकोत.