लसणाच्या वासावरून आठवलं: व्हिएन्नाचा वसंत आणि तिथले बाजार (तुमचेही अनुभव लिहा)

चिंचगूळ

काल मंडईतून लसणाची पात घेतली. रिक्षात पिशवी मांडीवर, आणि सिग्नलला थांबल्यावर एकदम व्हिएन्ना आठवलं. हसू नका. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये झाडांखाली बेअरलाऊख नावाचा रानलसूण उगवतो. हिरवीगार रुंद पानं, आणि वास थेट आपल्या पातीचा. प्राटर नावाच्या मोठ्या बागेतल्या झाडीत फिरताना कुणीतरी फोडणी टाकलीय असंच वाटतं.

२०१९ ला लेक तिकडे शिकत होती म्हणून आई (तेव्हा ७१) आणि मी एप्रिलमध्ये तीन आठवडे जाऊन राहिलो. पाडवा ६ तारखेला, ईस्टर २१ ला. राजवाडे, चित्रं वगैरे आईने "बघितलं हं, छान आहे" म्हणत उरकलं. रमली ती बाजारात. लेकीची खोली ओटाक्रिंगमध्ये, तिथून ब्रुननमार्क्ट दोन मिनिटांवर. लांबच लांब रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ठेले, विकणारे बरेचसे तुर्की. पर्यटक कमी, पिशवी घेऊन आलेल्या बायकाच जास्त.

पहिल्याच दिवशी आईने सवयीने टोमॅटो दाबून बघितला. ठेल्यावरची बाई ओरडली, "नाइन, नाइन!" आई मला म्हणते, "नऊ युरो किलो? राहू दे, पुढे बघू." जर्मनमध्ये नाइन म्हणजे नाही, हे सांगेपर्यंत ती तीन ठेले पुढे. दुसऱ्या दिवशी त्याच बाईकडे गेली, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभं करतात तशी. नुसतं मानेने दाखवायची, हा, तो नाही, त्याच्या मागचा. आठवड्याभरात दोघींची गट्टी. ही मराठीत, ती तुर्कीत, हिशोब बोटांवर. निघायच्या आदल्या दिवशी बाईने पुदिन्याची जुडी आणि एक लिंबू असंच पिशवीत टाकलं. आई म्हणाली, "बघ, सगळीकडे माणसं सारखीच गं, फक्त टोमॅटो दाबायचा नाही."

आता ती ७७ ची आहे, बऱ्याच गोष्टी विसरते. पण स्वयंपाकाच्या मावशींनी फळाला हात लावला की "नाइन, नाइन!" चालू. मावशींना वाटतं नऊ वाजले.

ईस्टरच्या बाजारांचं नंतर लिहिते, कुकर लागलाय. तुम्ही लिहा.

दगडूशेट_नव्हे

नाइन नाइन 😂😂 चहा सांडला.

पोपटी

अगं किती गोड! आईंना नमस्कार सांग.

आम्हीपण ईस्टरलाच गेलो होतो आणि कुणीही सांगितलं नव्हतं की रविवारी सगळी दुकानं बंद असतात. आणि सोमवारीही, ईस्टर मंडे. शनिवारी संध्याकाळी सहाला पोचलो, हॉटेलात सामान टाकलं, म्हटलं उद्या आणू. उद्या काय, परवासुद्धा नाही. दोन दिवस बाकरवडी, चकली आणि हॉटेलच्या किटलीतल्या मॅगीवर काढले. चौथ्या पाकिटाला नवरा म्हणाला, युरोप टूर आहे की हॉस्टेल. मंगळवारी कळलं की मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं चालू असतात. म्हणजे आमच्यापासून पंधरा मिनिटांवर.

शब्दवेडा

@चिंचगूळ, ब्रुनन म्हणजे विहीर किंवा कारंजं. आडाचा बाजार म्हणा ना. तिथल्या दुसऱ्या बाजाराची, नाशमार्क्टची, गंमत त्याहून भारी. तो म्हणे मूळचा 'आशनमार्क्ट'. काहींच्या मते आश म्हणजे राख, काहींच्या मते ॲश लाकडाच्या दुधाच्या चरव्या. पुढे लोकांनी त्याचं नाश केलं. (आपल्या अर्थाने नव्हे!) जर्मनमध्ये 'नाशन' म्हणजे चाखत-माखत खाणं. उच्चार बदलला आणि बाजाराला चटक लागली.

अवांतर: नाशमार्क्टच्या खालून वीन नदी वाहते, वरून झाकलेली. समोर लिंके वीनत्साइले रस्त्यावर वास्तुकार ओटो वाग्नरची १८९८-९९ ची फुलांच्या टाइल्सवाली इमारत. लोक खाली ऑलिव्ह बघत चालतात आणि वर बघायचं विसरतात.

झिपरी

ऑलिव्हचं नाव काढू नका!! नाशमार्क्टला एका ठेल्यावर "नमस्ते नमस्ते, ट्राय ट्राय" करत त्याने तीन प्रकारचे चाखवले, मी भिडेपोटी म्हटलं बरं, थोडे द्या. त्याने डबा गच्च भरला, चीज भरलेल्या मिरच्या वर, चौदा युरो. "थोडे" म्हणजे काय हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही सांगता येईना. चार दिवस ऑलिव्ह खाल्ले. पोळीत गुंडाळून सुद्धा.

पोपटी

@झिपरी चाखल्यावर घ्यावंच लागतं ही आपली कोकणी खोड 😀

झिपरी

मी नागपूरची आहे 😑

रानोमाळ

सगळ्यांना एक कळकळीची सूचना, बेअरलाऊख स्वतः तोडू नका. मी आठ वर्षं तिकडे होतो. हुबेहूब तसलीच पानं लिली ऑफ द व्हॅलीची असतात, ती विषारी. शिवाय हर्ब्स्टत्साइटलोझ नावाचं आणखी एक रोप, ते तर जीवघेणं. लसणाची पानं जमिनीतून एकेका देठावर येतात, लिलीची एका देठावर जोडीने. आणि चोळून वास बघायची युक्ती पहिल्या चार पानांपुरतीच, मग बोटांनाच लसणाचा वास लागलेला असतो. बाजारात जुडी मिळते, ती घ्या.

बाकी त्याची लाल तिखट घालून चटणी आणि ज्वारीची भाकरी. (ज्वारीचं पीठ पुण्याहून.)

चिंचगूळ

@रानोमाळ बरं झालं सांगितलंत. आम्ही जुडीच आणायचो. आईने त्याचा झुणका केला होता.

अंड्यांचं लिहिते आता. जुन्या शहरात फ्रायुंग नावाचा चौक आहे, तिथे ईस्टरचा बाजार भरतो. अंडी फुंकून रिकामी करतात आणि वरचं कवच रंगवतात. टेबलांवर नुसता अंड्यांचा डोंगर, चाळीस हजारांच्या आसपास असतात म्हणे. काहींवर मेणाने रेघा ओढून रंग दिलेला, काहींना इतकी बारीक भोकं पाडलेली की लेसच वाटावी. आई चक्क शाकाहारी, अंडं घरात नको म्हणणारी. तिथे दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "आतलं नाहीये ना? मग घे दोन."

पाडव्याला कडुनिंब कुठून आणणार? बाजारात ईस्टरच्या आधीच्या रविवारसाठी केसाळ, रुपेरी कळ्यांच्या फांद्या विकायला आलेल्या, विलोच्या. आईने गुढीला त्या बांधल्या. खाली जाणारे लोक वर बघत होते. एक आजोबा टोपी काढून गेले!

दगडूशेट_नव्हे

अंडी पुण्यापर्यंत आली का पण? ते सांगा.

चिंचगूळ

आली! मोज्यात एकेक आणि मोजे कुकरमध्ये. (हो, कुकर पुण्याहून नेला होता. बोलू नका.) विमानतळावर बॅग उघडायला लावली, कुकर बाहेर, झाकण उघड, मोजे काढ, मोज्यातून अंडं. तो अधिकारी माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मग त्याने स्वतःच परत मोज्यात घालून दिलं, इतक्या जपून की बस.

सदाफुली_६२

छान लिहिता हो. आमची सून ग्राझला असते. तिकडे येण्याचा योग अजून नाही आला. गुडघे.

पोपटी

@सदाफुली काकू, गुडघ्यांसाठी काय करताय? माझ्या आईचंही तेच चाललंय.

सदाफुली_६२

मेथीचे लाडू आणि फिजिओ. फिजिओने जास्त फरक पडला. व्यनि करते.

तांबडा_रस्सा

चुभूद्याघ्या, लोकलमधून टंकतोय. नाशमार्क्टच्या शेवटी दर शनिवारी जुना बाजार भरतो, केटनब्र्युकनगासे स्टेशनजवळ. आपला चोर बाजारच, पण पहाटेचा. सातला पोचलो तेव्हा अर्धा झाला होता. एका टोपलीत कुणाकुणाचे जुने फोटो, एक युरोला एक. लग्नं, बारशी, बर्फात उभी मुलं. कुणाच्या घरातले असतील, कोणी विकले असतील, काय माहीत. मी एक घेतला, एका बाईचा, हातात कोबीएवढा मोठा गुच्छ, खदाखदा हसतेय. फ्रीजवर लावलाय. पाहुणे विचारतात ही कोण. बायको म्हणते, "ह्यांची मावशी." आता माझ्या मुलीलाही खरंच मावशी वाटते.

झिपरी

@तांबडा_रस्सा हे वाचून कसंसंच झालं. छान झालं म्हणजे. कळेना काय झालं.

शेवगा_शेंग

मी सध्या तिकडेच, दहाव्या वॉर्डात. एप्रिलच्या मध्यापासून सगळीकडे पांढरी श्पार्गल, म्हणजे ॲस्परॅगस. जवळच मार्खफेल्डमध्ये पिकते. २४ जूनच्या सुमारास हंगाम बंद, जुनी परंपरा, झाडाला विश्रांती. सोलायची जाडसर, नाहीतर दोरे लागतात. माझ्या आईने पहिल्यांदा बघून मुळे समजून किसायला घेतली. मग दुसऱ्या वेळी शेवग्याऐवजी सांबारात. तेव्हापासून आमच्याकडे तीच पद्धत, जर्मन शेजारीण नाक मुरडते पण दोन वाट्या पिते.

कढीपत्ता मात्र केरळी माणसाच्या दुकानातून. इथे सत्तरच्या दशकात केरळहून खूप नर्सेस आल्या, त्यामुळे केळफूलसुद्धा मिळतं. तिथली एक चेची (म्हणजे ताई) दरवेळी "महाराष्ट्रा? मुंबई?" विचारते, मी दरवेळी सोलापूर सांगते, ती दरवेळी "हां, मुंबई" म्हणते.

वैद्यबुवा_घरचे

श्पार्गल म्हणजेच आपली शतावरी हे वाचलंय, खरं का?

रानोमाळ

भावंडं आहेत, एकच नाहीत. औषधातली शतावरी ॲस्परॅगस रेसिमोसस, मुळ्या वापरतात. भाजीतली ऑफिसिनॅलिस, कोंब खातात. कोंबाला अंधारात मातीखाली ठेवलं की पांढरा, उजेड लागला की हिरवा.

दगडूशेट_नव्हे

आणि खाल्ल्यावर दोन तासांनी बाथरूमला जो वास येतो तो कुठल्याही पुस्तकात लिहीत नाहीत.

पोपटी

शी!! 😂

मुक्कामपोस्ट

आमच्या आजोबांना व्हिएन्ना म्हटलं की फक्त सुभाषबाबू. १९३३ नंतर ते उपचारासाठी तिकडे होते, १९३४ ला एमिली शेंकल भेटल्या, पुस्तकाचं टंकलेखन वगैरे. मी कॉफीहाउसात बसून आजोबांना व्हिडिओ कॉल केला, आजोबांचा पहिला प्रश्न, "ते कुठल्या टेबलावर बसायचे?" मी म्हटलं हेच. खोटं. देव क्षमा करो. वेटरने मेलांजसोबत (तिथली दुधाची कॉफी) पाण्याचा ग्लास आणला, तर आजोबा म्हणाले, "बघ, पाणी आधी विचारावं लागत नाही." तिथलं नळाचं पाणी आल्प्समधून येतं, १८७३ पासून, चव खरंच आहे.

तांबडा_रस्सा

@मुक्कामपोस्ट ते खोटं माफ. 🙏

झिपरी

एप्रिलमध्ये थंडीचं काय हो? आम्हाला तिसऱ्या आठवड्यात जायचंय. स्वेटर की जाड जॅकेट?

शेवगा_शेंग

दोन्ही. आणि छत्री. आणि गॉगल. सकाळी ऊन, दुपारी गारा, संध्याकाळी मांड्या घालून गवतावर बसलेली अख्खी युनिव्हर्सिटी. मेच्या तोंडाशी जमलं तर हेल्डनप्लाट्झ चौकात लायलॅक फुललेला असतो, जांभळा, वासाने डोकं गरगरतं. प्राटरमधला चेस्टनटचा साडेचार किलोमीटरचा रस्ताही तेव्हाच.

अजून एक, मेट्रोला गेट नाहीत म्हणून तिकीट तसंच ठेवू नका, मशीनमध्ये छापून घ्या. माझ्या काकांनी तिकीट काढलं, छापलं नाही. तपासनीस साध्या कपड्यात येतात. शंभरावर युरो गेले, आणि काका अजून म्हणतात "पण तिकीट तर होतं ना माझ्याकडे."

झिपरी

धन्यवाद. ऑलिव्हच्या ठेल्यासमोरून डोळे मिटून जाणार.

सदाफुली_६२

@चिंचगूळ त्या रानलसणाच्या झुणक्याला पीठ किती घेतलंत? सून म्हणते तिच्याकडे जुडी आहे फ्रीजमध्ये, आजच करते.

चिंचगूळ

आईला विचारलं. म्हणते, "पानं बारीक चिरून दोन मुठी, पीठ मावेल तेवढं, आणि कांदा घालू नको, वास मरतो." मग थोडं थांबून म्हणाली, "ती टोमॅटोवाली बरी आहे ना?"

सदाफुली_६२

मावेल तेवढं म्हणजे किती वाट्या?