बारावी बेळगावात की कोल्हापुरात? (सोसायटी ग्रुप)

बी-203 काकू: नमस्कार सगळ्यांना. धाकट्याची एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी, झाली. ह्यांचं म्हणणं कोल्हापुरात क्लास लावूया, तिथंच अकरावीला नाव घालूया, महाराष्ट्राची इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी देऊ दे. दीर म्हणतात इथंच बेळगावात पीयूसी (इथली अकरावी-बारावी) करूया, कर्नाटकाची केसीईटी आहे की. घरात जेवताना पण हाच विषय. कुणीतरी नीट सांगा ओ.

सी-401: वहिनी, डोळे झाकून कोल्हापूर. इथं काय आहे?

ए-102 दादा: काय आहे म्हणजे? इंजिनीअरिंगच्या व्हीटीयू विद्यापीठाचं मुख्यालय आहे की 😄

सी-401: मुख्यालयाकडं बघून मार्क पडत नाहीत, दादा.

ए-301 सर: क्लास कुठंही लावा, पण बारावी कुठून हे आधी ठरवा. एनआयटी, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या निम्म्या जागा होम स्टेटला असतात, आणि होम स्टेट म्हणजे जिथून बारावी पास झाला ते राज्य. इथून पीयूसी केली तर सुरतकलची एनआयटी, कोल्हापुरातून केली तर नागपूरची व्हीएनआयटी. घर टिळकवाडीत, आधार बेळगावचं, त्याला कोण विचारत नाही. आयआयटीला होम स्टेट हा प्रकारच नाही. धारवाडची आयआयटी शेजारी आहे म्हणून आपल्या पोरांना एक जागा जास्त मिळत नाही.

बी-203 काकू: मग कोल्हापुरात बारावी केली की केसीईटी गेलीच काय?

ए-301 सर: नाही. पहिली ते बारावीत सात वर्षं कर्नाटकात शिकलेला पाहिजे आणि दहावी किंवा बारावी, एक तरी इथली पाहिजे. त्याचं दोन्ही जमतंय. शाळेतून स्टडी सर्टिफिकेट आत्ताच घेऊन ठेवा, काउन्सेलिंगच्या वेळी पळापळ होते.

सेक्रेटरी: गेटसमोर एमएच-09 ची पांढरी गाडी कुणाची आहे? टँकर आत येईना.

सी-401: पाहुण्यांची. काढतो.

ए-102 दादा: कोल्हापूर आडवं आलं बघा 😂

ए-301 सर: आता महाराष्ट्राचं. तिथं राज्यातला उमेदवार म्हणून धरायचे प्रकार असतात, त्यातला टाईप-ए व्हायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. याची दहावी बेळगावची. म्हणजे दोन वर्षं कोल्हापुरात हॉस्टेलला ठेवला तरी टाईप-ए होत नाही. हे क्लासवाले सांगत नाहीत. उलट आपल्यासाठी टाईप-ई आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून शिकलेला आणि मातृभाषा मराठी. दाखले दोन, एक गाव सीमाभागात येतं म्हणून, दुसरा मातृभाषेचा, शाळा-कॉलेजकडून. ही 865 गावांची सवलत, इथं राहूनच मिळते.

बी-203 काकू: म्हणजे पीयूसी इथं करूनही पुण्याच्या सीओईपीचा, मुंबईच्या व्हीजेटीआयचा फॉर्म भरता येतो?

ए-301 सर: येतो की. फक्त सीईटीचे पर्सेंटाइल पाहिजेत. कर्नाटकानं पण असंच केलंय. जत, अक्कलकोट, सोलापूर, गडहिंग्लजच्या कन्नड पोरांना इकडं गडिनाडू (सीमाभागातले) म्हणून घेतात. त्यांना चौथीच्या पातळीचा कन्नड पेपर असतो, 50 पैकी 12 पडले की झालं.

ए-102 ताई: काका-काकू, मी दोन्ही सीईटी दिल्यात म्हणून सांगते. पीयूसी सायन्सला एनसीईआरटीची पुस्तकं, एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर, 80 टक्के बारावी, 20 टक्के अकरावी. बालभारतीची पुस्तकं वेगळी वाचावीच लागतात, विशेषतः केमिस्ट्री. तिथं मॅथ्सचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, कॉम्प्युटरवर. केसीईटीत 60 प्रश्न, 80 मिनिटं, कागदावर गोळे भरायची ओएमआर शीट. दोन्हीत निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. जेईईच्या निगेटिव्ह मार्किंगची सवय असलेली पोरं भीतीनं गोळे रिकामे ठेवतात. आणि केसीईटीत इंजिनीअरिंगचा रँक निम्मा पीयूसीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या मार्कांवर. महाराष्ट्रात बारावीला 45 टक्के पडले की पुढं सगळं सीईटीवर. बोर्डात चांगला असेल तर केसीईटी त्याची.

डी-104: माझी भाची अमेरिकेला अर्ज करणार आहे. तिथली प्रवेश परीक्षा, सॅट, आता लागत नाही म्हणते. खरं काय?

ए-301 सर: कॉलेजवर आहे. कोविडात बऱ्याच जणांनी ऐच्छिक केली होती. एमआयटीनं 2022 मध्येच परत सक्तीची केली, हार्वर्डनं 2024 मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र स्कोअर बघतच नाही. प्रत्येक कॉलेजचं पान उघडून बघायला सांगा.

सी-401: एमआयटी? कोथरूडची?

ए-102 ताई: 🤦‍♀️

बी-305 आजोबा: एवढ्या परीक्षा, पण आमच्या मराठी शाळेतल्या पोरांना मराठीत पेपर मिळतोय काय?

ए-301 सर: मेडिकलच्या नीटचा आणि जेईई मेनचा मिळतो आजोबा, पण केंद्र महाराष्ट्रात घेतलं तर. बेळगाव केंद्र घेतलं की इंग्रजी, हिंदी, उर्दू, नाहीतर कन्नड. केसीईटी इंग्रजी-कन्नड.

बी-305 आजोबा: म्हणजे मराठी पेपरसाठी हत्तरगी टोल भरून निपाणीच्या पुढं जायचं. छान.

ए-102 ताई: आजोबा, पीयूसी सायन्स इंग्रजीतच असतंय, त्यामुळे मागणारे थोडेच. पण मागितलं तर मिळायला पाहिजे हे खरं.

बी-203 काकू: सर, मग पीयूसी इथंच, असंच ना? ह्यांना तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत.

ए-301 सर: रविवारी वर पाठवा दोघांना. दहावीचं मार्क्स कार्ड आणि आधार घेऊन यायला सांगा, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडं एकच आहे काय बघूया.